जिभेवर पुळी आली तर: आधी आरसा, मग औषध

जिभेवर तिळाएवढं काही आलं तरी तोंडात वाटाणा धरल्यासारखं वाटतं. जीभ मुळात फार संवेदनशील, त्यात ती स्वतःच ती जागा दातांवर घासून पाहत राहते. मग पुळी आहे त्याच्या दुप्पट भासते आणि दुखतेही तशीच. मराठीत आपण या सगळ्याला सरसकट ‘तोंड आलंय’ म्हणून मोकळे होतो आणि पहिली गल्लत तिथेच होते. फुगलेला दाणा, चावल्याची जखम, तोंड आल्याचा खरा व्रण, बुरशी, विषाणूचे फोड, यांची कारणं वेगळी, बरं व्हायचे दिवस वेगळे आणि उपायही वेगळे. म्हणून औषधाच्या डब्याकडे वळण्याआधी नीट पाहायचं. पुळी कुठे आली आणि तिला किती दिवस झाले, एवढ्यावरच बहुतेक निकाल लागतो.

पायरी १: आरशासमोर

हात साबणाने धुवा, साध्या पाण्याने दोन-तीन चुळा भरा. नुकतंच काही रंगीत किंवा फार गरम खाल्लं असेल तर अर्धा तास थांबा, कारण रंग चढलेली किंवा चटक्याने लाल झालेली जीभ फसवते. खोलीतला दिवा पुरत नाही. मोबाइलचा टॉर्च लावा आणि उजेड थेट समोरून न मारता जरा बाजूने पाडा. उंचवटा असेल तर त्याची बारीक सावली पडते, आणि नुसता लाल डाग कुठला, वर आलेला दाणा कुठला, हे लगेच कळतं.

आधी जीभ सरळ बाहेर काढून टोक आणि पाठ पाहा. मग स्वच्छ सुती कापडाच्या तुकड्यात टोक धरा, नुसत्या बोटांतून ते निसटतं. हलकेच एका बाजूला ओढून कड पार दाढांपर्यंत पाहा, मग दुसरी कड. शेवटी टोक टाळूला लावून खालचा भाग पाहा. कडा आणि खालचा भाग बहुतेक जण पाहतच नाहीत. नेमक्या याच जागा महत्त्वाच्या असतात, ते पुढे येईलच.

आता धुतलेल्या बोटाने ती जागा हलकी दाबा. मऊ आहे की आजूबाजूच्या मांसापेक्षा कडक? दुखतं का? कापडाने पुसलं तर वरचं पांढरं निघतं का? ही तीन उत्तरं आणि तारखेसकट एक फोटो, एवढं पहिल्या दिवशी पुरे. फोटो कंटाळा न करता काढाच, कारण ‘परवापासून आहे’ असं वाटणारी पुळी मोजायला बसलं की पुष्कळदा तीन आठवड्यांची निघते. पुढे रोज एक फोटो, त्याच उजेडात. तासातासाला जीभ ओढून पाहू नका, ओढण्यानेच ती लाल होते.

पायरी २: जे मुळात असायलाच हवं ते ओळखा

निरोगी जीभ गुळगुळीत नसते. तिच्यावर चार प्रकारचे बारीक दाणे असतात, वैद्यकात त्यांना पॅपिला म्हणतात. सगळ्यात जास्त संख्या फिलिफॉर्म दाण्यांची. जिभेला मखमलीसारखा खरखरीतपणा येतो तो त्यांच्यामुळे, चवीशी त्यांचा संबंध नाही. टोकावर आणि कडांवर विखुरलेले गोल गुलाबी ठिपके म्हणजे फंगीफॉर्म दाणे. टोकाला येणारी झोंबरी पुळी बहुतेक वेळा यांच्यातलाच एखादा सुजलेला दाणा असतो. कडेला, मागे दाढांच्या बाजूला, उभ्या घड्यांसारखे असतात ते फोलिएट. आणि अगदी मागे, टोक घशाकडे असलेल्या ‘व्ही’च्या आकारात, ८ ते १२ मोठे, बटणासारखे चपटे दाणे असतात, ते सर्कमव्हॅलेट. त्यांच्याही मागे टॉन्सिलच्याच जातीच्या मांसाचे उंचवटे असतात आणि सर्दी-घसा झाला की ते फुगतात.

घसा दुखतो म्हणून आयुष्यात पहिल्यांदा आत टॉर्च मारला, मागे गाठींची रांग दिसली आणि रात्रभर झोप उडाली, असं अनेकांचं होतं. ती रांग जन्मापासून तिथेच होती. जिभेखालच्या निळसर शिरा, त्यांच्या बाजूची झालरीसारखी कातडी आणि मधल्या पडद्याच्या दोन्ही अंगांना लाळेच्या नळ्या उघडतात ते दोन टिंबाएवढे उंचवटे, हेही सगळं नेहमीचंच. ओळखायची सोपी रीत अशी: डावीकडे आहे तसंच उजवीकडेही दिसलं तर ती बहुधा रचना असते. एकाच बाजूला असेल तर तिकडे लक्ष ठेवायचं.

पायरी ३: काय आलंय ते ठरवा

टोकावर किंवा कडेच्या पुढच्या भागात एक-दोन लाल किंवा पांढरट, टोकदार, टाचणीच्या डोक्याएवढे दाणे, जीभ दाताला लागली की सुईसारखे टोचणारे, आदल्या दिवशी नव्हते आणि आज आहेत, असं चित्र असेल तर तो सुजलेला फंगीफॉर्म दाणा. इंग्रजी बोलणाऱ्यांत याला ‘खोटं बोलल्याची पुळी’ असं गमतीचं नाव आहे. कारण बहुतेकदा साधं असतं: दाणा दातांत किंचित चावला जाणं, गरम घोट, फार तिखट किंवा आंबट खाणं, कडक गोळी चघळत बसणं, तुटक्या दाताची कड, नवी टूथपेस्ट. ताण आणि जागरणाच्या दिवसांत अशा पुळ्या जास्त येतात. काही तासांपासून दोन-चार दिवसांत, फार तर आठवड्यात, दाणा आपोआप बसतो. त्यात पू नसतो, फोडण्यासारखं काहीच नसतं. तरीही नखाने खुडणारे, चिमट्याने ओढणारे आणि चक्क नेलकटरने कापणारे लोक आहेत. जिभेला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे एवढ्याशा दाण्यातूनही बराच वेळ रक्त येतं, आणि दोन दिवसांच्या पुळीच्या जागी आठवडाभराची जखम हातात येते.

जिभेची कड, खालचा भाग, गालाची किंवा ओठाची आतली बाजू, इथे मधे पिवळट-पांढरा खळगा आणि भोवती लाल कडं असेल तर तो अ‍ॅफ्थस व्रण, म्हणजे खरं ‘तोंड येणं’. हा उंचवटा नसून खड्डा असतो, जिभेला मात्र तो गाठीसारखा लागतो. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट. लहान व्रण १० मिलिमीटरच्या आतले असतात आणि ७ ते १४ दिवसांत वण न ठेवता भरतात. १ सेंटिमीटरपेक्षा मोठा व्रण अनेक आठवडे घेतो आणि वण ठेवून जातो, त्यासाठी घरी वाट पाहू नका. हे व्रण एकाचे दुसऱ्याला होत नाहीत, त्यामुळे पेला वेगळा ठेवायची गरज नाही.

चावल्याची किंवा घासल्याची जखम व्रणासारखीच दिसते. फरक जागेत. तोंड आलं की व्रण दर वेळी नवी जागा धरतो. दर वेळी त्याच जागी, आणि समोर तुटलेली दाढ, झिजलेलं फिलिंग, दातांच्या तारेचं टोक किंवा कवळीची कड असेल तर गुन्हेगार समोरच उभा आहे. अशा ठिकाणी मलम लावत बसणं व्यर्थ. दंतवैद्य ती कड काही मिनिटांत घासून गुळगुळीत करतात आणि जखम भरायला लागते. तारेचं टोक असेल तर भेट मिळेपर्यंत त्यावर दातांचं मेण चिकटवा. नेहमी चावल्या जाणाऱ्या जागी कधी कधी मऊ, गुळगुळीत, न दुखणारी गाठ कायमची राहते. ती धोक्याची नसते, पण तिला नाव डॉक्टरांनीच द्यावं.

दह्याच्या कवडीसारखे पांढरे थर, पुसले की निघणारे आणि खाली लालबुंद किंवा रक्ताळलेली जागा सोडणारे, ही कँडिडा बुरशी. लहान बाळं, कवळी वापरणारे, मधुमेही, प्रतिजैविकांचा कोर्स नुकताच संपवलेले आणि दम्यासाठी स्टेरॉइडचा इनहेलर ओढणारे, यांना ती धरते. घरगुती उपायांनी ती दबते, जात नाही. बुरशीविरोधी थेंब किंवा जेल डॉक्टरांकडून घ्यावंच लागतं. पुन्हा होऊ नये म्हणून इनहेलर ओढल्यावर दर वेळी चूळ भरून थुंका आणि कवळी रात्री काढून ठेवा.

जिभेवर नकाशासारखे लाल पट्टे, त्यांना पांढरट उंच किनार आणि दोन दिवसांनी नकाशाच बदललेला, ही ‘भौगोलिक जीभ’. शंभरातल्या १ ते ३ जणांना ती असते. आंबट-तिखट झोंबतं, बाकी काही नाही. उपचार लागत नाहीत.

उरलेल्यांत फुलकोबीसारखी, देठावर डुलणारी न दुखणारी वाढ एचपीव्ही विषाणूची असू शकते. जिभेच्या खाली टोकाजवळ निळसर, पाणी भरल्यासारखा फुगा असेल तर तो तुंबलेल्या लाळग्रंथीचा. दोन्हींना घरचा उपाय नाही. फुगा सुईने फोडला तर पुन्हा भरतो, कारण ग्रंथी तशीच आत असते.

पायरी ४: पहिले दोन दिवस

घरगुती उपचाराचं खरं काम एकच, घासणं आणि झोंबणं थांबवणं. जखम भरायचं काम तोंड स्वतः करतं, आणि कातडीपेक्षा पुष्कळ वेगाने करतं.

मिठाचं पाणी. २५० मिली कोमट पाण्यात अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ, साधारण ३ ग्रॅम. पूर्ण विरघळू द्या, तळाशी राहिलेला खडा नेमका जखमेवर बसतो. हे पाणी शरीरातल्या द्रवांपेक्षा किंचितच खारट होतं, म्हणून सोसवतं. घोट तोंडात घ्या, जीभ पाण्यात सैल सोडा, ३० सेकंद हळू फिरवा आणि थुंका. दिवसातून तीन-चार वेळा, त्यातली दोनदा जेवणानंतर. जास्त मीठ म्हणजे जास्त गुण, असं समजून दोन चमचे घालणारे पुष्कळ. अशा पाण्याने जखमेतलं पाणी ओढलं जातं, तोंड कोरडं पडतं आणि दुखणं वाढतं. पाणी हाताला कोमट लागेल इतकंच गरम हवं. रक्तदाब असलेल्यांनी ते गिळू नये, चूळ भरायला हरकत नाही.

मीठ झोंबतच असेल तर सोडा घ्या. २५० मिली पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि हवं असल्यास चिमूटभर मीठ. तोंडातला आंबटपणा मारला जातो आणि चुरचुर कमी होते. बेकिंग पावडर वेगळी, तिच्यात आम्लाची पूड मिसळलेली असते, ती चालत नाही. कपडे धुण्याचा सोडा तर तोंडाच्या जवळही आणू नये, तो भाजतो.

बर्फ. फ्रीजरमधून काढलेला कोरडा तुकडा ओल्या जिभेला चिकटतो आणि ओढला की साल काढतो. आधी पाण्याखाली धरून त्याच्या धारा मोडा, मग चोखा. एक-दोन मिनिटं पुरतात. टोकाच्या सुजलेल्या दाण्याला याइतका झटपट आराम दुसऱ्या कशाने पडत नाही.

मध. व्रण कापडाने टिपून कोरडा करा, त्यावर मधाचा एक थेंब बोटाने लावा, दिवसातून तीन-चार वेळा. तो थर जखम झाकतो. मात्र मध म्हणजे साखरच, त्यामुळे रात्री दात घासून झाल्यावर लावून झोपू नका, आणि मधुमेह असेल तर हिशेबात धरा. एक वर्षाखालच्या बाळाला मध बोटभरही नको. त्यात क्वचित बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असतात आणि बाळाच्या आतड्यात ते वाढू शकतात.

खाण्यात तीन-चार दिवस मऊ, गार किंवा कोमट आणि सौम्य पदार्थ. आंबट फळं, अननस, तिखट, कुरकुरीत आणि खारवलेलं बाजूला. गार पेय स्ट्रॉने प्या, म्हणजे जखमेला वळसा पडतो. पाणी कमी करू नका. दुखतं म्हणून न पिणं आणि त्यातून तोंड सुकून आणखी दुखणं, हे चक्र फार लवकर सुरू होतं.

ब्रश मऊ केसांचा ठेवा, दात नेहमीप्रमाणे दोनदा घासा. जीभ घासायची पट्टी मात्र बरं वाटेपर्यंत पुळीवरून फिरवू नका. खूप घासून ‘घाण काढली’ की बरं वाटेल असं अनेकांना वाटतं आणि ते स्वतःच पुळी जागती ठेवतात.

पायरी ५: दुकानातून आणायची औषधं

बधिर करणारं जेल जेवणाआधी कामाचं. क्रम असा: आधी चूळ, मग जागा टिपून कोरडी करणं, मग काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढं जेल बोटावर घेऊन टेकवणं. चोळायचं नाही. मिनिटभर तोंड किंचित उघडं ठेवा. ओल्या जिभेवर लावलेलं जेल लाळेबरोबर घशात जातं, व्रणाला काही मिळत नाही आणि घसा मात्र बधिर होतो. ‘जेलचा काही उपयोग झाला नाही’ या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असतं. जीभ बधिर असताना गरम काही खाऊ नका आणि कडक चावू नका, भाजलं किंवा चावलं तरी कळत नाही. बेन्झोकेन असलेलं जेल दोन वर्षांखालच्या मुलांना अजिबात लावायचं नाही, त्याने रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता अचानक घटू शकते. कोलिन सॅलिसिलेट असलेलं जेल अ‍ॅस्पिरिनच्या कुळातलं, ते १६ वर्षांखाली टाळावं. म्हणून जेल घेताना जाहिरातीकडे न पाहता मागचा बारीक मजकूर वाचा.

क्लोरहेक्सिडीन ०.२ टक्क्याचं माउथवॉश १० मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा. जखमेत दुसरे जंतू शिरू नयेत यासाठी ते चांगलं. पण टूथपेस्टमधल्या फेसकारक द्रव्याने ते निकामी होतं, म्हणून दात घासणं आणि ते वापरणं यांत अर्धा तास जाऊ द्या. एक-दोन आठवड्यांपुढे चालू ठेवलं तर दात-जीभ तपकिरी होतात आणि चव काही काळ बदलते. अल्कोहोलयुक्त माउथवॉश या दिवसांत नको.

व्रणासाठी स्टेरॉइडचं तोंडात लावायचं मलम, उदाहरणार्थ ट्रायमसिनोलोन ०.१ टक्का, उत्तम काम करतं, विशेषतः पहिल्या चुरचुरीतच रात्री लावलं तर. मात्र ते डॉक्टरांना दाखवून. बुरशीवर किंवा नागिणीच्या कुळातल्या हर्पिसच्या फोडांवर लावलं तर आजार भडकतो, आणि घरी हे तिन्ही ओळखण्यात चूक होऊ शकते.

न करायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण पक्क्या आहेत. अ‍ॅस्पिरिनची गोळी दुखऱ्या जागी दाबून धरू नका. ती गोळी पोटात जाऊन काम करते, जिभेवर फक्त आम्लाने भाजते आणि तिथे पांढरं, मेलेलं कातडं तयार होतं. लवंगेचं तेल न मिसळता लावलं तर तेही भाजतं. लिंबू, व्हिनेगर किंवा तुरटी लावल्यावर जे सणकून झोंबतं ते ‘लागू पडल्याचं’ लक्षण नव्हे. टाकणखार, म्हणजेच बोरॅक्स, घातलेलं ग्लिसरीन किंवा मध बाळांच्या तोंडात लावणं धोक्याचं आहे. बोरॅक्स शरीरात साठून बाळांना झटके आल्याचं वैद्यकात नोंदलेलं आहे.

लहान मुलांच्या बाबतीत

मुलाच्या जिभेवर अचानक बरेच लाल दाणे, थोडा ताप, लाळ गळणं आणि खायला नकार, असं दिसलं तर बहुतेक वेळा मागे विषाणू असतो. तळहात, तळपाय यांवरही फोड असतील तर हात-पाय-तोंडाचा आजार, तो ७ ते १० दिवसांत उतरतो. हिरड्या सुजून लाल, तोंडभर बारीक फोड आणि जास्त ताप असेल तर पहिल्यांदा झालेला हर्पिस असू शकतो, तो पहिल्या दोन-तीन दिवसांत दाखवला तर औषधाचा उपयोग होतो. दोन्ही संसर्गजन्य, त्यामुळे टॉवेल, चमचा, पेला वेगळा.

इथे फोडांपेक्षा पाण्याची काळजी जास्त करायची. दर पाच-दहा मिनिटांनी एक-दोन चमचे गार पाणी किंवा गार दूध. आठ तासांत लघवी नाही, रडताना अश्रू नाहीत, मूल मलूल पडलंय, यातलं काहीही दिसलं तर लगेच डॉक्टर. दुखण्याला वजनाच्या हिशेबाने पॅरासिटामॉल चालतं, अ‍ॅस्पिरिन मुलांना देऊ नये. स्ट्रॉबेरीसारखी लाल, दाणेदार जीभ आणि सोबत ताप व अंगावर पुरळ असेल तर त्याच दिवशी दाखवा. तो स्कार्लेट ज्वर असेल तर प्रतिजैविक लागतं. पाच दिवस किंवा त्याहून जास्त ताप, लाल डोळे आणि फुटलेले ओठ असतील तर कावासाकी आजाराची शंका घ्यावी लागते, आणि त्यात हृदयाच्या रक्तवाहिन्यांना धोका असतो.

बाळाच्या जिभेवरचा पांढरा थर दुधाचा की बुरशीचा? ओल्या कापडाने सहज निघाला आणि खाली गुलाबी जीभ दिसली तर दूध. सहज निघत नाही, जोराने पुसल्यावर खाली लाल दिसतं, गालाच्या आतही ठिपके आहेत, तर बुरशी. तेव्हा बाळाबरोबर आईच्या स्तनाग्रांनाही उपचार लागू शकतात, नाहीतर ती एकमेकांकडे फिरत राहते.

पुन्हा पुन्हा येत असेल तर

वर्षातून दोन-तीनदा तोंड येणं यात शोधण्यासारखं फार नसतं. महिन्याला येत असेल तर साधी वही करा: तारीख, जागा, आदल्या दोन दिवसांत खाल्लेलं, झोप, नवं औषध, बायकांसाठी पाळीचा दिवस. तीन महिन्यांत काहीतरी नक्षी दिसते.

पहिला बदल टूथपेस्टचा करून पाहा. घटकांत ‘सोडियम लॉरिल सल्फेट’ असेल तर ते नसलेली घ्या. या फेसकारकाने काहींचे व्रण वाढतात. निष्कर्ष दोन-तीन महिन्यांनी काढा, कारण व्रण मुळातच मधे सुट्टी घेऊन येतात, आठवडाभराच्या सुट्टीवरून पेस्टला श्रेय देता येत नाही. हीच गोष्ट बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांची. व्रण दहा दिवसांत भरणारच असतो, गोळ्यांची पट्टीही दहाचीच असते, आणि नाव गोळीचं होतं.

खरी कमतरता असेल तर मात्र ती शोधायलाच हवी. लोह, बी-१२ किंवा फॉलिक अ‍ॅसिड कमी असलं की व्रण येतात, आणि जीभ गुळगुळीत, लाल, भाजल्यासारखी होते, कारण तिचे बारीक दाणे झडतात. रक्ताची पूर्ण गणना, फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा), बी-१२ आणि फोलेट (म्हणजेच फॉलिक अ‍ॅसिड), एवढ्या तपासण्यांत उत्तर मिळतं. शाकाहारी लोक, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारे आणि वर्षानुवर्षं आम्लपित्ताच्या गोळ्या खाणारे यांनी बी-१२ आवर्जून पाहावं. तपासणीआधी नुसतं फॉलिक अ‍ॅसिड सुरू करू नका. त्याने रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि बी-१२ अभावी नसांचं नुकसान आत चालूच राहतं. व्रणांबरोबर सततचे जुलाब, वजन घटणं, डोळे लाल होऊन दुखणं किंवा जननेंद्रियांवर व्रण असतील तर मामला तोंडापुरता नाही.

औषधांची यादीही पाहा. मेथोट्रेक्सेट हे संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचं औषध. ते चुकून रोज घेतलं गेलं तर तोंडभर व्रण हे पहिल्या इशाऱ्यांपैकी एक असतं, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. थायरॉइडसाठी कार्बिमाझोल चालू असताना तोंडात व्रण, घसादुखी आणि ताप आला तर पांढऱ्या पेशींची तपासणी लगेच करावी लागते. हृदयासाठीचं निकोरॅन्डिल मोठे, हट्टी व्रण करू शकतं. कुठलंही औषध मनाने बंद मात्र करू नका.

कधी थांबायचं नाही

जीभ किंवा ओठ झपाट्याने सुजणं, आवाज बदलणं, गिळता न येणं, श्वासाला त्रास, ही मिनिटांची गोष्ट आहे. रुग्णवाहिका बोलवा. खाण्याची अ‍ॅलर्जी, कीटकाचा दंश आणि रामिप्रिल-एनलाप्रिलसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या ही नेहमीची कारणं. या गोळ्या सुरू करून वर्षं झाली असली तरी अशी सूज येऊ शकते.

बाकीच्यांसाठी कॅलेंडर. दोन आठवडे उलटले आणि पुळी, व्रण किंवा डाग आहे तसाच आहे, तर दंतवैद्य किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ. टोकदार दात घासून घेतल्यावरही हाच नियम: त्यानंतर दोन आठवड्यांत जखम भरली नाही तर दाताला दोष देणं थांबवायचं. केमोथेरपी चालू असलेले, अवयव-प्रत्यारोपण झालेले, एचआयव्ही किंवा अनियंत्रित मधुमेह असलेले यांनी दोन आठवडेही थांबू नये.

जिभेचा कर्करोग बहुतेकदा कडेला किंवा खालच्या बाजूला सुरू होतो, म्हणूनच पहिल्या पायरीत कापडात धरून कड पाहायला सांगितलं. सुरुवातीला तो पुष्कळदा दुखतच नाही, आणि लोक नेमके त्यामुळेच निर्धास्त राहतात. टोकाची सणसणून दुखणारी पुळी सहसा निरुपद्रवी. काळजी करायची ती बोटाला कडक लागणाऱ्या, न दुखणाऱ्या, कडा उंचावलेल्या जागेची. पुसून न निघणारा पांढरा किंवा मखमली लाल डाग, सहज रक्त येणं, जिभेचा एखादा भाग बधिर वाटणं, ती पूर्वीसारखी बाहेर न येणं, त्याच बाजूचा कान दुखणं, मानेत गाठ, यांपैकी एकही असेल तर दोन आठवड्यांचा हिशेब सोडा आणि त्याच आठवड्यात जा. तंबाखू, सुपारी किंवा दारूची सवय असलेल्यांनी तर लवकर.

जाताना रोजचे फोटो, चालू औषधांची नावं आणि कवळी असेल तर ती सोबत न्या. निघण्याआधी जेल किंवा रंगीत औषध लावू नका, डॉक्टरांना जागा धड दिसत नाही. शंका वाटली तर ते बायोप्सी सुचवतील. जागा बधिर करून मसुराएवढा तुकडा काढतात, एखाद-दुसरा टाका पडतो आणि तुम्ही त्याच दिवशी घरी येता. तुकडा काढल्याने रोग पसरतो ही भीती अनेकांच्या मनात असते, पण तसं होत नाही, आणि त्या भीतीपायी घालवलेले महिने मात्र परत मिळत नाहीत. बायोप्सीनंतर पहिला दिवस गार आणि मऊ खा, जोरात चुळा भरू नका, आणि मिठाचं पाणी दुसऱ्या दिवसापासून, वर दिलेल्याच मापाने.